ग्रिन्वेरचा खांब पाडल्यानंतर

१

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी हाल्दिसनं बीकन बंद केलं. काळं, अंगठ्याएवढं बटण, एकतीस वर्षांत तिच्याच बोटानं गुळगुळीत झालेलं. दाबलं, आणि यंत्रखोलीतला आवाज थांबला.

डा-डा-डिट, डिट-डिट-डिट-डा. ग्रिन्वेर बेटाच्या नावातली दोन अक्षरं, तारयंत्राच्या भाषेत. बेटाच्या काळ्या टोकावर उभा असलेला खांब दर दहा सेकंदांनी स्वतःचं हे नाव घोकायचा. ऊन असो, बर्फ असो, कुणी ऐकणारं असो वा नसो. धुक्यात ज्याला नाकापुढचं दिसत नाही असा वैमानिक ते नाव ऐकायचा, त्याच्या समोरची सुई खांबाकडे वळायची आणि त्या सुईचं बोट धरून तो धावपट्टीपर्यंत यायचा. दीपस्तंभच तो, फक्त उजेडाचा नाही इतकंच.

"बोल की चार शब्द," आयलिफ दारातून म्हणाला. टॉवरमध्ये बसून विमानांशी बोलायचं काम आयलिफचं. शाळेपासूनचा सोबती, त्यामुळे तोंडाला कुलूप नाही. "एकतीस वर्षं संसार केलास त्याच्याशी."

"केला. आणि एक रात्र घोरला नाही तो. तुझ्या बायकोला विचार, किती जणींच्या नशिबी येतं ते."

खुर्चीत बसलेला सिंद्रे हसला नाही. दक्षिणेतून नवी यंत्रणा बसवायला आलेला इंजिनिअर, चाळिशीचा, नखं स्वच्छ. "नऊ दहा," त्यानं टिपून घेतलं. "उद्या खांब पाडायचा. हाल्दिस, तुम्हाला यायलाच हवं असं नाही."

"मी येणार," हाल्दिस म्हणाली. "माणूस गेल्यावर घरचं कुणीतरी उभं राहतं. खांबाला काय वेगळं?"

नवी यंत्रणा धावपट्टीच्या टोकाला बसली होती. केशरी चौकटींची एक रांग आणि शेजारी पांढरं खोकं. तिच्यावर नजर ठेवणार सहाशे किलोमीटरवरच्या शहरातला कुणीतरी, पडद्यावर. हाल्दिसला आता अग्निशमनाची गाडी चालवणं आणि सामान उतरवणं एवढंच काम उरणार होतं. त्याचं तिला वाईट वाटत नव्हतं असं सांगणारा खोटं बोलेल. पण वाईट वाटणं एका बाजूला आणि शुक्रवार एका बाजूला.

शुक्रवारी तपासणीचं विमान यायचं होतं. त्यानं घिरट्या घालून नव्या यंत्रणेला मंजुरी दिली, तर दाट धुक्यातही विमान ग्रिन्वेरवर उतरू शकणार होतं. नाही दिली तर ते विमान पुन्हा येणार मार्चमध्ये. जुनं बीकन रद्द, नवं नामंजूर, म्हणजे अख्खा हिवाळा धुकं पडलं की बेटाचं दार बंद. आणि आयलिफच्या लेकीला, इंगेरिडला, नोव्हेंबरात जुळं व्हायचं होतं. बेटावर सुईण होती, पोट फाडून मूल काढणारं कुणी नव्हतं. पहिल्या खेपेला रुग्णविमान धुक्यात तीनदा डोक्यावरून फिरलं आणि परत गेलं. ते मूल आता चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीशी आहे. आयलिफ त्याबद्दल बोलत नाही, पण त्या भिंतीकडून जायची वेळ आली की तो वळसा घेतो.

२

खांब पडायला चार मिनिटं लागली. अठरा मीटर लोखंड, ताण देणाऱ्या तारा सुटल्या तसा आधी थोडा थरथरला आणि मग अगदी हळू, जागा बघून बसावं तसा, झुडपांवर आडवा झाला. कामगारांनी त्याचे चार तुकडे केले. शेजारची पत्र्याची खोली तेवढी राहिली, ती पुढच्या आठवड्यात जायची होती.

हाल्दिसनं एका दगडावर बसून पाव आणि तपकिरी चीज खाल्लं. समुद्र सपाट होता. सप्टेंबरचं ऊन आडवं पडलेलं. खांब नसलेलं आकाश तिला दात पडलेल्या तोंडासारखं दिसलं आणि तिनं मान फिरवली.

दुपारी दोनचं विमान वेळेवर आलं. प्रवासी उतरले, तिनं सामान ओढलं. वैमानिक बाई खिडकीतून ओरडली, "आयलिफ कुठाय? सांग त्याला, तुमचं मेलेलं बीकन मला समुद्रात ओढत होतं!"

"कुठलं बीकन?"

"तुमचंच. सवयीनं जुनी फ्रिक्वेन्सी लावली. नाव नीट ऐकू आलं, सुईसुद्धा हलली. पण दाखवतेय पश्चिमेला, पाण्यात. ऊन होतं म्हणून हसले. धुकं असतं तर नसते हसले."

हाल्दिसच्या हातातली बॅग कुणाची होती ते तिला नंतर आठवलं नाही. ती सरळ यंत्रखोलीत गेली. सगळे दिवे विझलेले, ट्रान्समीटरच्या दोन्ही तारा तिनं स्वतः काढलेल्या, टोकांना चिकटपट्टी. तिनं ऐकायचा रिसीव्हर लावला, आवाज वाढवला.

खरखर. खरखर. मग अगदी बारीक, भिंतीपलीकडून यावं तसं:

डा-डा-डिट, डिट-डिट-डिट-डा.

३

अक्कल शाबूत असलेलं माणूस अशा वेळी भुताखेतांकडे जात नाही. हाल्दिसही गेली नाही. दुसऱ्या देशाचं एखादं बीकन याच फ्रिक्वेन्सीवर असेल, हवेच्या थरावर आपटून आलं असेल. होतं असं. पण त्याचं नाव ग्रिन्वेर कसं असेल? बरं, कुणीतरी जुना आवाज टेप करून ठेवला असेल, चेष्टा म्हणून पुन्हा सोडत असेल. ती खुर्ची ओढून बसली आणि डोळे मिटून ऐकत राहिली. दहा मिनिटं. वीस.

शेवटचा डा लांबत होता.

एका हिवाळ्यात नाव घोकणाऱ्या यंत्रातली एक पट्टी गारठून वाकली होती. सुटा भाग यायला दोन महिने लागणार म्हणून हाल्दिसनं कानस घेऊन ती घरीच घासली. नीट बसली, पण तेव्हापासून शेवटचा डा केसभर लांबायचा. जुने वैमानिक म्हणायचे, हाल्दिसचं बीकन लंगडतं. ती पट्टी आता तिच्या स्वयंपाकघरात, खिडकीच्या कट्ट्यावर होती. सोमवारीच काढून घरी नेली होती.

पट्टी घरी आणि लंगडणं इथे.

टेप असेल म्हणावं तर टेप दर वेळी सारखीच वाजते. हा तसा नव्हता. कधी दहा सेकंदांनी यायचा, कधी अकरा, एकदा तर पंधरा, आणि त्या पंधरा सेकंदांत हाल्दिसला असं वाटलं की पलीकडे कुणीतरी थांबलंय. विसरलं म्हणून नाही. उत्तराची वाट बघायला.

तिनं रिसीव्हर बंद केला. मग लाज वाटून पुन्हा लावला.

४

बुधवारी सकाळी सिंद्रेनं दार न वाजवता आत पाऊल टाकलं.

"हाल्दिस, मी स्पष्टच विचारतो. रागावू नका."

"रागवायचं की नाही ते प्रश्न ऐकल्यावर ठरवीन."

"रद्द झालेलं बीकन हवेत ऐकू येतंय. एखादा वैमानिक विश्वास ठेवून मागे गेला तर समुद्रात जाईल. हे बंद झाल्याशिवाय शुक्रवारची तपासणी मी होऊ देऊ शकत नाही. तसा नियमच आहे. आणि या बेटावर हे करू शकेल असं एकच माणूस आहे."

"नाव घे की. दोन अक्षरं पुरतील."

त्याची मान लाल झाली, पण तो मागे हटला नाही. "तुमचं काम जातंय. मला कळतं ते."

"तुला घंटा कळतं," हाल्दिस म्हणाली. "चल. घर बघ माझं. गॅरेज बघ. न्हाणीघरही बघ, तिथं साबण आहे, त्यातून बोलतेय मी."

तो खरंच आला. साठीकडे झुकलेल्या, एकट्या बाईच्या घरात परक्या पुरुषानं कपाटं उघडावीत आणि तिनं कॉफीचा कप धरून उभं राहावं, हा अपमान लहान नाही. बहीण दक्षिणेला गेली तेव्हापासून त्या घरात दुसरा कप लागला नव्हता. तिनं त्याला कॉफी दिली नाही. गॅरेजमध्ये त्याला एक जुना ट्रान्समीटर सापडला, वर बोटभर धूळ, पोट मोकळं. तो त्यानं उचलून गाडीत ठेवला.

"हा नेतो."

"ने. त्यात उंदरानं घरटं केलंय, त्याचं भाडं तूच वसूल कर."

गाडीतल्या रिसीव्हरवर त्यानं फ्रिक्वेन्सी लावली. दोघं ऐकत राहिले. डा-डा-डिट. सिंद्रेनं मागच्या सीटवरच्या धुळकट डब्याकडे पाहिलं, मग हाल्दिसकडे. तिचे दोन्ही हात कपावर होते.

"कालच्यापेक्षा मोठा आहे," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "मलाही तेच वाटलं."

त्या क्षणी दोघांची मनं एका ठिकाणी आली होती. पण सिंद्रे शिकलेला माणूस, आणि शिकलेल्या माणसाला कारण न सापडण्यापेक्षा चुकीचं कारण सापडलेलं परवडतं. तो म्हणाला, "उद्या संध्याकाळपर्यंत वेळ देतो तुम्हाला," आणि निघून गेला.

५

हाल्दिसकडे एक हातात धरायचा रिसीव्हर होता, वर तांब्याचं गोल कडं असलेला. कडं फिरवत जायचं. एका दिशेला आवाज अगदी बारीक होतो, ती आवाजाची दिशा. तीन ठिकाणांहून दिशा घ्यायची, नकाशावर तीन रेघा ओढायच्या, जिथं मिळतात तिथं तुमचा चोर.

बुधवारी दुपारी तिनं धावपट्टीवरून, धक्क्यावरून आणि चर्चच्या टेकडीवरून दिशा घेतल्या. रेघा मिळाल्या पश्चिमेला, अकरा मैलांवर, पाण्यात. तिनं बंदरावर फोन केला.

"तिथं कुठली बोट आहे का?"

"बोट नाही, बाई. दगडसुद्धा नाही. दोनशे मीटर पाणी आहे. काही हरवलंय का तुझं?"

"बघते," ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी रेघा सहा मैलांवर मिळाल्या. आणि त्या तीन दिशा घेऊन होईपर्यंत पहिली दिशा बदललेली होती. ते जे काही होतं ते चालत होतं. घाईनं नाही. माणूस ओळखीच्या घराकडे येतो त्या चालीनं. कुठं जातंय हे कळायला चौथी रेघ लागली नाही. काळं टोक. खांबाची जागा.

ती गाडी घेऊन तिकडे गेली.

पत्र्याच्या खोलीत वीज अजून होती. भिंतीवर एकतीस वर्षांच्या तपासण्यांचे कागद, खाली एक बाक, कोपऱ्यात मेलेल्या माश्या. तिनं पिशवीतून चाचणीचा छोटा ट्रान्समीटर काढला. त्याचा आवाज दोनशे मीटरपलीकडे जात नाही, टोकावरच्या मेंढ्यांनाही पुरत नाही. त्याला हातानं दाबायची किल्ली जोडली. रिसीव्हर शेजारी लावून ठेवला.  एखादं मूल अंधारात हाका मारत असलं की आपण आधी ओ देतो, मग मूल कुणाचं ते विचारतो. तसं काहीतरी.

तिनं किल्ली दाबली. डा-डा-डिट, डिट-डिट-डिट-डा.

रिसीव्हर गप्प झाला.

सहा मैल. या डबीचा आवाज सहा मैल जाऊ शकत नाही. विज्ञान म्हणतं नाही, अनुभव म्हणतो नाही. हाल्दिसनं पुन्हा नाव दिलं. पलीकडे शांत. ती देत राहिली तोवर शांत. एवढं सगळं लक्ष देऊन आजवर कुणी तिचं ऐकलं नव्हतं, हा विचार तिच्या मनात आला आणि तिला तो आवडला, आणि आवडला म्हणून ती घाबरली. बोटं थरथरली. शेवटच्या फेरीत एक डिट जास्त पडला. डा-डा-डिट, डिट-डिट-डिट-डिट-डा.

तिनं हात काढून घेतला. एक, दोन, तीन. दहा सेकंद झाले.

डा-डा-डिट, रिसीव्हर म्हणाला. डिट-डिट-डिट-डिट-डा.

चूक नीट उचलली होती. चार डिट. आणि मधे थरथरसुद्धा, जिथं तिचं बोट थरथरलं होतं तिथंच.

पत्र्यावर वारा नव्हता. समुद्राचा आवाज येत होता आणि एका मेंढीच्या गळ्यातली घंटा. हाल्दिस बसून राहिली. तेव्हा तिला कळलं, कळलं म्हणजे सिद्ध करता येईल असं नव्हे, की कुणी तिचं बीकन चोरलेलं नाही. कुणीतरी एकतीस वर्षं तिथं बाहेर ते ऐकत होतं. नाव ऐकायची त्याला सवय लागली होती. सोमवारी नऊ दहाला नाव थांबलं, तेव्हा ते काही वेळ थांबलं असेल आणि मग, त्याला येत होतं तेवढंच एक नाव घेऊन, हाक मारू लागलं.

आणि ओ दिली की ते गप्प बसतं.

६

संध्याकाळी पाचला विमानतळाच्या खाण्याच्या खोलीत आयलिफ वॅफल भाजत होता. गुरुवारचा तो रिवाज होता. सिंद्रे टेबलाशी बसून तपासणी रद्द केल्याच्या पत्राचा मजकूर लिहीत होता. आयलिफच्या हाताकडे बघूनच कळत होतं की त्याला सांगून झालंय. वॅफल करपलं होतं आणि त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"कारण न सापडलेला आवाज, म्हणजे तपासणी नाही," सिंद्रे म्हणाला. "माझ्या हातात नाही ते. कारण कळलं असतं, बंद केलं असतं, तर गोष्ट वेगळी."

"म्हणजे मार्च," आयलिफ म्हणाला.

"मार्च."

आयलिफनं करपलेलं वॅफल उचलून ताटलीत ठेवलं, मग पुन्हा साच्यात ठेवलं.

हाल्दिस दारात उभी होती. खरं सांगितलं तर काय होईल ते तिला दिसत होतं. सिंद्रे ऐकून घेईल, मान डोलावेल, आणि पत्र पाठवेल. समुद्रातून कुणीतरी हाका मारतंय हे कारण कुठल्या रकान्यात बसत नाही. चिडलेल्या म्हातारीनं खोडी केली, हे बसतं.

या बाईनं आयुष्यात एक खोटी नोंद केली नव्हती. एकदा वादळात अर्धा तास बीकन बंद पडलं, कुणाला कळलंही नसतं, तरी तिनं लाल शाईनं लिहून सही केली होती. बेटावर तिच्याशी कुणाचं पटत नसेल, पण हाल्दिस म्हणाली म्हणजे तसंच, हे शत्रूही मान्य करायचे. दुसरी कमाई तिच्याकडे नव्हती.

"मीच करत होते," ती म्हणाली.

वॅफलचा साचा चर्रर्र वाजत राहिला.

"एक डबी होती माझ्याकडे. बोटीतून आवाज सोडत होते. आता बंद आहे. उद्याही बंद राहील."

सिंद्रेनं पेन खाली ठेवलं. रिसीव्हर लावून बघायचं त्याच्या मनातही आलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, सुटका होती, आणि तीच तिला जास्त झोंबली. "डबी कुठाय?"

"पाण्यात टाकली."

आयलिफ वळला. "हाल्दिस." त्याचा आवाज अगदी हळू होता. "तुला माहीत होतं. इंगेरिडचं तुला माहीत होतं."

"हो."

"तिच्या पहिल्या खेपेला तू माझ्याबरोबर धावपट्टीवर उभी होतीस, बाई. रात्रभर. दिवा धरून."

"हो."

"जा तू," आयलिफ म्हणाला. "मला तुझं तोंड बघवत नाही आत्ता."

"उद्या विमानतळावर येऊ नका," सिंद्रे म्हणाला. "सोमवारी बघू काय करायचं ते."

ती गाडीत येऊन बसली.  रिसीव्हर लावला, कारण त्या संध्याकाळी तिच्याशी बोलायला तयार असलेलं ते एकच होतं. आवाज आता इतका जवळ होता की खरखर उरलीच नव्हती.

७

शुक्रवारी आकाश स्वच्छ. हाल्दिस आठ वाजता काळ्या टोकावरच्या खोलीत पोचली. कॉफीचा थर्मास, डबी, किल्ली, रिसीव्हर, आणि टॉवरचं बोलणं ऐकू येईल असा वॉकीटॉकी. आठ पाचला तिनं पहिलं नाव दिलं. तिकडे गप्प झालं. मग ती देतच राहिली.

तपासणीचं विमान साडेआठला आलं. ते धावपट्टीवरून यायचं, वळायचं, पुन्हा यायचं. आयलिफचा आवाज कोरडा, कामापुरता. हाल्दिसचं बोट दर दहा सेकंदांनी. नऊ वाजता तिच्या मनगटात गोळा आला, तिनं हात बदलला. डाव्या हातानं नाव जड पडत होतं. पलीकडे ऐकणाऱ्याला ते चाललं असावं.

दर वेळी हात बदलताना दोन-तीन सेकंद जास्त जायचे. तेवढ्यात रिसीव्हरमध्ये पहिला डा उमटायचा आणि तिनं किल्ली दाबली की तुटायचा. पहिल्यांदा तो डा मोठा होता. दुसऱ्यांदा रिसीव्हरवरचा आवाज मोजणारा काटा टोकाला आपटला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा बाकावरचा थर्मास थरथरला, आणि तिला कळेना की तो रिसीव्हरमधून आला की बाहेरून. त्यानंतर तिनं हात बदलला नाही.

दहा वाजता वॉकीटॉकीवर तपासणीच्या वैमानिकाचा आवाज आला. "जुन्या फ्रिक्वेन्सीवर ऐकतोय. शांत आहे. अगदी शांत."

दहा वीसला: "ग्रिन्वेर, नवी यंत्रणा उत्तम. धुक्यात उतरायला मंजुरी. सही करतोय. अभिनंदन."

मागे कुणीतरी टाळी वाजवली.  आणि मग आयलिफ, विमानांसाठी नसलेल्या आवाजात: "हाल्दिस. ऐकत असशील तर. झालं बरं का. मंजूर झालं." मग पुन्हा, "संध्याकाळी ये घरी. भांडू."

ती हसली. डोळे पुसायला तिनं हात उचलला, आणि किल्ली सुटली.

तिनं मोजलं. दहा. वीस. साठ.

काही नाही.

सुटले, असंच तिला वाटलं. कुणालाही वाटलं असतं. ऐकणाऱ्याला हवं ते मिळालं आणि ते गेलं. तिनं कड्याचा रिसीव्हर उचलला, खात्रीसाठी कडं पश्चिमेला धरलं. शांत. उत्तरेला. शांत. ती जागच्या जागी पूर्ण फिरली. चारी दिशांना सारखंच.

चारी दिशांना.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात म्हाताऱ्या तंत्रज्ञानं तिला शिकवलं होतं की खांबाचा आवाज बाजूला जातो, लांब लांब जातो. फक्त त्याच्या थेट माथ्यावर आणि थेट पायाशी तो जात नाही. म्हणून विमानात नाव मोठं मोठं होत जातं आणि एकदम बंद पडतं, सुई कुठंही फिरू लागते, तेव्हा नवखा वैमानिक समजतो की बीकन गेलं. मुरलेला समजतो की आपण पोचलो.

खोलीचं दार उघडं होतं. बाहेर ऊन आडवं पडलं होतं, झुडपांवर, खांबाच्या चार तुकड्यांवर. तुकडे जिथं पडले होते तिथंच होते. आणि त्यांच्यावरून, झुडपांवरून, सरळ उंबऱ्यापर्यंत एक सावली आली होती. बारीक, एकसारखी, खांबाएवढी लांब. ती टाकणारं वर काय उभं होतं ते दारातून दिसत नव्हतं. बघायचं तर बाहेर जाऊन मान वर करावी लागली असती.

वॉकीटॉकीवर तपासणीचं विमान निरोप घेत होतं. ते अजून बेटावरच्या आकाशातच होतं. सहीची शाई अजून ओली होती. हाल्दिस उठून पळाली असती तर पळालीही असती, गाडी तीस पावलांवर होती. पण मग इथं ओ द्यायला कुणी उरलं नसतं. आणि ते पुन्हा हाका मारू लागलं असतं, नोव्हेंबरात, धुक्यात, एखादा वैमानिक सुईकडे बघत असताना.

सावलीचं टोक हललं. वरून सुरू होऊन खालपर्यंत, हळू, ती वाकत गेली. दाराच्या चौकटीशी कान आणावा तशी.

हाल्दिसनं बोट किल्लीवर ठेवलं. मग बाकावर ती थोडी सरकून बसली, आणि शेजारची जागा मोकळी केली.